एकच बाग, वर्षभर: नाशिकमध्ये पक्षी बघायला सुरुवात कशी करायची

आधीच सांगते, मी पक्षीतज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वन उद्यान आहे ना, तिथं जायला लागले, आणि नुसतं चालणं काही होईना, कारण दर दहा पावलांवर वरून कोणीतरी ओरडायचं आणि कोण ओरडतंय तेच मला कळायचं नाही. त्याला आता चार वर्षं झाली. चालणं कमी झालंय, मान वर करून उभं राहणं वाढलंय, वजन आहे तिथंच आहे. पण सोसायटीतल्या दोघीतिघी आणि माझा पुतण्या "काकू, आम्हाला पण शिकव ना" म्हणून मागे लागलेत, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू.

जागा एकच धरा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. नवीन हौस लागली की सगळे पहिल्याच रविवारी गाडी काढून नांदूरमध्यमेश्वरला जातात. जागा भारीच आहे, प्रश्नच नाही, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाणी, महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात त्याला, आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली ती. पण नवख्या माणसाला तिथं एका सकाळी पन्नास-साठ जातींचे पक्षी दिसतात, गाइड भराभर नावं सांगतो, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, वारकरी, आपण हो हो करतो, येताना मिसळ खातो आणि मंगळवारपर्यंत सगळं विसरतो. माझं तरी तसंच झालं होतं.

बागेत काय होतं, पहिले दोन महिने तेच ते बारा-पंधरा पक्षी दिसतात. साळुंकी, बुलबुल, कावळा, पोपट, कोतवाल, दयाळ, सातभाई, होला. कंटाळा येतो. येऊ द्या. तो कंटाळा म्हणजेच अभ्यास आहे, कारण ते पंधरा जण इतके पाठ होतात की एक दिवस सोळावा आला की लगेच खटकतं, की अरे, हा आपला नाही. ते खटकणं एकदा सुरू झालं की मग कुणाला शिकवायला लागत नाही.

जागा घरापासून पंधरा-वीस मिनिटांत हवी, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद पडतं. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्यांना नेहरू उद्यान, गंगापूर रोडवाल्यांना गोदापार्क किंवा सोमेश्वरकडचा नदीकाठ, सातपूरकरांना फाशीच्या डोंगराजवळची देवराई, म्हसरूळला चामर लेणीचा पायथा. यातलं काही जमत नसेल तर कॉलनीतली महापालिकेची बाग पण चालते, फक्त तीन गोष्टी बघा: जुनं झाड (वड, पिंपळ, उंबर यापैकी एक तरी), कुठंतरी थोडं पाणी, मग गळका नळ का असेना, आणि माळ्यानं दुर्लक्ष केलेला एखादा झुडपांचा कोपरा. नुसतं लॉन, कारंजं आणि ओपन जिम असेल तर तिथं व्यायाम करा, पक्षी फारसे मिळणार नाहीत.

कधी, किती वेळ, आणि कसं फिरायचं

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सगळ्यात चांगले. त्यातही नाशिकची थंडी लक्षात ठेवा, डिसेंबर-जानेवारीत सहा वाजता जाऊन काही उपयोग नाही, पक्षी पण आपल्यासारखेच गारठून पिसं फुलवून बसलेले असतात. सव्वासात-साडेसातला ऊन झाडाच्या शेंड्यावर पडतं तेव्हा ते शेंड्यावर शेकायला येतात, आणि तेव्हा बघायला सोपे. एप्रिल-मे मध्ये मात्र उलटं, नऊ वाजले की खेळ खलास. बागेची वेळ गेटवर बघून घ्या, आणि डोंगराच्या पायथ्याच्या जागी अंधारात एकट्यानं घुसू नका. नाशिकमध्ये बिबट्या ही काही ऐकीव गोष्ट नाही, मळ्यात काय, वस्तीत पण येऊन गेलाय तो.

आता फिरणं. पूर्ण बाग पालथी घालायची नाही. चार थांबे ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं गप्प उभं राहा किंवा बसा. माझे थांबे असे आहेत: उंबराचं झाड, पाण्याच्या टाकीखालचं डबकं, घाणेरीच्या झुडपांचा कोपरा, आणि लेण्यांच्या कड्याकडे बघता येईल अशी एक मोकळी जागा. पहिली तीन-चार मिनिटं काहीच दिसत नाही कारण आपण आल्यामुळे सगळे दबलेले असतात, पाचव्या मिनिटाला एकेक हलायला लागतो. बहुतेक लोक चौथ्या मिनिटाला निघून जातात, हीच तर गंमत आहे.

कपडे खाकी, मळकट हिरवे, राखाडी. मी एकदा नवा केशरी कुर्ता घालून गेले होते, सातभाईंनी पूर्ण बागेत बोंब मारली. फोन सायलेंट. आणि ग्रुपनं जाणार असाल तर चारच्या वर नको, पाचवा माणूस हमखास वाढदिवसाच्या गप्पा काढतो.

दुर्बीण

पहिला महिना दुर्बीण न घेता जा असं माझं मत आहे, लोक ऐकत नाहीत. ज्याला उघड्या डोळ्यानं पक्षी कुठं बसलाय ते सापडत नाही त्याला दुर्बिणीतून तर अजिबातच सापडत नाही.

घ्यायचीच झाली तर ८x४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०x किंवा त्याहून मोठी गळ्यात मारायला बघतो, पण जेवढं जास्त मोठं तेवढं चित्र जास्त हलतं आणि दिसणारा भाग पण छोटा होतो, म्हणजे फांदीवरचा शिंजीर, तो फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी, शोधेपर्यंत तो उडून जातो. ऑनलाइन ती ५०x, १००x लिहिलेली स्वस्तातली खेळणी दिसतात ना, त्याकडे बघू पण नका.

सेट करायची पद्धत कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत दाबून घ्या, नसेल तर बाहेर काढा. मग उजवीकडचं भिंग हातानं झाका, डाव्या डोळ्यानं लांबच्या एखाद्या पाटीवर बघत मधलं चाक फिरवून अक्षरं स्वच्छ करा. आता डावीकडचं झाका आणि उजव्या डोळ्यानं तीच पाटी बघत उजव्या नळीवरची रिंग फिरवून स्वच्छ करा, मधल्या चाकाला हात लावायचा नाही. झालं, ती रिंग आता कायमची तिथंच. यापुढे फक्त मधलं चाक. आणि पक्षी दिसला की त्याच्यावरची नजर न काढता दुर्बीण वर डोळ्याला आणायची, खाली दुर्बिणीकडे बघितलं की पक्षी गेलाच समजा. घरी गॅलरीतून समोरच्या टाकीवरच्या कावळ्यावर प्रॅक्टिस करा, कावळे वैतागतात पण जात नाहीत.

ओळखायचं कसं

रंगावरून सुरुवात करू नका. उन्हाविरुद्ध सगळेच पक्षी काळे. आधी आकार, आणि तो सेंटिमीटरमध्ये नाही, आपल्या ओळखीच्या मापात: चिमणीएवढा का, बुलबुलएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा? मग चोच, जाड का बारीक, सरळ का वाकडी. मग शेपूट. मग तो करतोय काय, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तारेवरून उडून किडा पकडून परत त्याच तारेवर येऊन बसला तर वेडा राघू किंवा कोतवाल. जमिनीवर तुरुतुरु चालत शेपूट खालीवर करतोय तर धोबी. सात-आठ जण एकदम, पाचोळा उलटापालटा करत आणि सतत भांडत असतील तर सातभाई, ते आपसात न भांडता सगळे एकाच जागेकडे बघून ओरडत असतील तर मात्र कुणीतरी साप किंवा मुंगूस बघितलंय, तिकडे बघा.

हे सगळं वहीत लिहिल्यावरच ॲप उघडायचं. मर्लिन फुकट आहे, चांगलं आहे, भारताचा पॅक आधी घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, आवाज पण ओळखतं. पण डोळे झाकून विश्वास नको. मला एकदा त्यानं शिक्रा दाखवला, मी दहा मिनिटं शिकारी पक्षी शोधतेय, आणि समोरच्या फांदीवर बसून कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करत होता. कोतवालाची ती सवयच आहे. त्यातून पावशा दिसायला शिक्र्यासारखा, म्हणजे एकाचा आवाज खोटा आणि दुसऱ्याचा चेहरा.

आणि माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक पण सांगते. सहा महिने मी वहीत "तपकिरी, पांढरे ठिपके, लांब शेपूट, लाल डोळा, दुर्मिळ??" असं लिहीत होते. ती कोकिळा होती. कोकिळेची मादी. काळा असतो आणि गातो तो नर, मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि ती असा गोड काही आवाज काढत नाही, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

वही

तारीख, वेळ किती ते किती, ऊन का ढग, आणि दिसलेला प्रत्येक पक्षी आकड्यासकट. प्रत्येक म्हणजे कावळा पण. "कावळे काय मोजायचे" म्हणून आपण सोडून देतो आणि मग चिमण्या कधी कमी झाल्या ते कुणाला सांगता येत नाही. चिमण्यांवरून आठवलं, २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून सुरू झाला तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्यामुळे, हे नाशिककरांनाच माहीत नसतं.

वहीतलं नंतर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकलंत तर अजून चांगलं, तिथं ती यादी संशोधनाला वापरता येते. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, त्यात किमान पंधरा मिनिटांची यादी चालते, नवख्यांसाठी तो बेस्ट. आणि झाडं पण लिहा हो, उंबर पिकला, पळस फुलला, सावर फुलली. पुढच्या वर्षी तेच कामाला येतं.

हिवाळा: इथून सुरू करा

मी जूनमध्ये सुरुवात केली, ती चूक. पानं गच्च, दुर्बिणीवर धुकं, सगळे नुसते ऐकू येतात. तुम्ही नोव्हेंबरमध्ये सुरू करा. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, तेव्हा नवख्यांसाठी सोबत फिरायचे कार्यक्रम पण मिळतात.

हिवाळ्यात पाहुणे येतात. माझा पहिला पाहुणा थिरथिरा, गेली तीन वर्षं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो त्याच कुंपणाच्या त्याच खांबावर येऊन बसतोय, तोच आहे का त्याचा भाऊ हे मला सांगता येणार नाही. नर काळा आणि पोटाला विटकरी, मादी मातकट, दोघांची शेपूट थंडी वाजल्यासारखी सारखी थरथरते म्हणून थिरथिरा. डबक्यापाशी करडा धोबी, पोटाखाली पिवळा. झुडपात एक चिमणीपेक्षा छोटा, शेपटी वर करून "टक टक टर्रर्र" करणारा दिसला तर लाल छातीचा माशीमार. संध्याकाळी भोरड्यांचे थवे, काळ्या-गुलाबी, ज्वारीवाल्या शेतकऱ्यांना चांगल्याच माहीत आहेत त्या. मान दुखेपर्यंत बघत राहावं असे ते थवे वळतात.

संक्रांतीच्या आसपास मात्र बघायचं कमी आणि गोळा करायचं जास्त. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी तो मिळतोच, आणि झाडांवर लटकलेला मांजा जूनपर्यंत पक्षी अडकवत राहतो. पिशवी आणि कात्री घेऊन जा, हाताला येईल तेवढा काढा.

उन्हाळा: एका झाडाखाली उभं राहा

मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात रंगीत काळ म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. लोकांना वाटतं ऊन लागतंय आता सीझन संपला. अहो पानगळ झालेली असते, फांद्या उघड्या, आणि काटेसावर, पळस, पांगारा लाल-केशरी पेटलेले. फुललेली एक काटेसावर शोधा, ऊन पाठीमागे घ्या आणि वीस मिनिटं उभं राहा, बस, दुसरं काही करायचं नाही. साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, हळद्या, परत निघालेल्या भोरड्या, खारी, सगळे मधाला येतात. एका सकाळी एकाच झाडावर मी चौदा जाती मोजल्यात. शिंजीर पण याच वेळी बघून घ्या, नर उन्हात जांभळा-निळा चमकतो. विणीचा काळ संपला की त्याचा तो सूट उतरतो, पिवळसर होतो आणि गळ्यावर फक्त एक काळी पट्टी राहते, मग तो दुसराच पक्षी वाटतो आणि पुन्हा "दुर्मिळ??" लिहायची पाळी येते.

तांबट तर दिवसभर चालू, टुक टुक टुक, जुन्या नाशकातल्या तांबट लेनमध्ये हातोडी पडायची तसं. ऐकू येतो सगळ्यांना, दिसत कुणालाच नाही, कारण तो ओरडताना डोकं इकडेतिकडे फिरवतो आणि आवाज कधी डावीकडून कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. युक्ती अशी की वाळक्या शेंड्याच्या फांद्या बघायच्या, हिरव्यात हिरवा शोधत बसायचं नाही.

एप्रिल-मे मध्ये पाणी. मातीचं पसरट भांडं, दोन बोटं खोल पाणी, मध्ये एक दगड, रोज घासून नवीन पाणी, सावलीत पण झुडपाला अगदी चिकटून नको कारण मांजर दबा धरते. चार-पाच मीटर लांब बसा, दुपारी चारनंतर तर रांग लागते. मोकळ्या मुरमावर चालताना पायाखाली बघा, टिटवी उघड्यावरच अंडी घालते, खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की समजा आपण चुकीच्या जागी आहोत, मागे फिरा. मुरमाच्या उभ्या कडेला भोकं दिसली तर ती वेड्या राघूची घरं असू शकतात. आणि कुंपणावर लाल गळ्याचा सरडा उठाबशा काढत असेल तर तो नर आहे, दुसऱ्या नराला दम देतोय.

पाऊस: कान उघडे ठेवा

मेच्या शेवटी पावशा "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" सुरू करतो. जूनच्या तोंडाशी आफ्रिकेकडून चातक येतो, काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी. दोघंही आपली अंडी बिचाऱ्या सातभाईंच्या घरट्यात टाकतात, आणि ते सातभाई, जगाशी भांडणारे, परक्याचं पोर निमूट वाढवतात. याच दिवसांत पहाटे किंवा संध्याकाळी झाडीतून दोन सुरांची शीळ आली तर थांबा, नवरंग असू शकतो. तो वर नाही, खाली पाचोळ्यात असतो. मला चार वर्षांत दोनदा दिसलाय आणि दुसऱ्यांदा दिसला तेव्हा शेजारच्या आजोबांनी नेमका रेडिओ लावला.

जुलै-ऑगस्टमध्ये बघायची गोष्ट म्हणजे सुगरण. पाण्यावर झुकलेली बाभूळ किंवा विहिरीवरचं झाड बघा. घरटं नर विणतो, मादी तपासायला येते, पसंत नाही पडलं तर ते अर्धवट टोपीसारखं तसंच लटकत राहतं. एकाच झाडावर पूर्ण किती आणि टोप्या किती हे दर आठवड्याला मोजा, पोरांना घेऊन जायला यापेक्षा चांगलं काही नाही. गायबगळ्यांची डोकी या दिवसांत केशरी होतात, ढोकरीची पाठ गर्द तांबडी.

खाली पण बघा. पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचा किडा निघतो, पाय मोजा, आठ भरतील, म्हणजे तो कीटक नाहीच. पैसा (तो पुष्कळ पायांचा, गुंडाळी होणारा किडा), गोगलगाई, बेडूक. पायात बूट आणि पूर्ण पँट, गवतात हात घालायचा नाही, कारण धामण निरुपद्रवी असली तरी सगळेच साप धामण नसतात. सप्टेंबरच्या उघडिपीत फुलपाखरं, दुपारी अकरानंतर सुद्धा चालतं, ओल्या चिखलावर ती क्षार चोखायला बसतात, तिथं उकिडवं बसा. निलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, ते घाटाकडे जास्त.

काय करायचं नाही

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, विणीच्या काळात तर नाहीच, त्याला वाटतं दुसरा नर आला आणि घरटं सोडून भांडायला येतो. घरट्याचे फोटो नाहीत, लोकेशन टाकणं तर नाहीच. शेव-फरसाण टाकायचं नाही. घरी पिंजऱ्यात पोपट असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, यावर घरोघरी वाद होतात, माझ्या माहेरी पण झाला.

आणि जमिनीवर पिल्लू सापडलं तर. नव्वद टक्के वेळा लोक ते उचलून घरी नेतात. पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय, आईबाप जवळच आहेत, फार तर कुत्र्या-मांजरापासून वाचवायला जवळच्या झुडपाच्या फांदीवर ठेवा आणि लांब जा. पिसं नसतील आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा, माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. जखमी असेल, मांजात अडकलेलं असेल, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड घालून, झाकून, अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. माझ्या स्कूटीच्या डिकीत चपलांचा एक रिकामा खोका आता कायमच असतो, नवरा म्हणतो टाकून दे, गेल्या संक्रांतीला त्यातून एक घार नेली तेव्हापासून म्हणत नाही.